पुणे ते महाबळेश्वर सायकलवर : सायकल, साहित्य आणि तयारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जाण्याविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यांतले बहुतेक दरवर्षी तेच असतात. ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे एका दिवसात वर पोहोचू इच्छिणाऱ्या, नियमित सायकल चालवणाऱ्या, पण स्पर्धेत न उतरणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिली आहेत.

१. अंतर किती आहे, आणि खरा कठीण भाग कोणता?

स्वारगेटहून कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई आणि पाचगणी या मार्गाने अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तर महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. मात्र केवळ या दोन आकड्यांची वजाबाकी करू नये. कात्रज आणि खंबाटकी चढून मिळवलेली उंची पुन्हा उतरून गमवावी लागते, त्यामुळे दिवसभराची एकूण चढाई दीड हजार मीटरच्या वर जाते.

सर्वांना धास्ती असते ती वाई ते पाचगणी या पसरणी घाटाची. हा घाट साधारण १२ किलोमीटरचा असून त्याची सरासरी चढण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तो लांब आहे, पण क्रूर नाही. ताजेतवाने असताना जो घाट सहज चढता येतो, तोच ८५-९० किलोमीटर सायकल मारून झाल्यावर, उन्हे चढलेली असताना समोर येतो, ही त्याची खरी अडचण आहे. पाचगणीला पोहोचलो म्हणजे झाले, असेही समजू नये. पुढचे वीसेक किलोमीटर चढउतारांचे आहेत आणि वेण्णा तलावानंतर गावात शिरतानाही चढावेच लागते.

२. माझ्याकडे हायब्रीड सायकल आहे. रोड सायकल घेतल्याशिवाय हे जमणार नाही का?

जमेल. हायब्रीडचे (रोड सायकल आणि डोंगरी सायकल यांच्यामधला प्रकार) आणि एमटीबीचे (डोंगरी सायकल) गीअर घाटासाठी बहुधा रोड सायकलपेक्षा सोयीचेच असतात. तोटा होतो तो महामार्गाच्या सपाट टप्प्यात, कारण ताठ बसण्यामुळे वारा अंगावर जास्त येतो. एमटीबीचे गाठीदार टायर काढून त्यांच्या जागी गुळगुळीत टायर बसवले, तर थोड्या खर्चात बराच फरक पडतो. बिनगिअरच्या सायकलने घाट चढणारी माणसेही आहेत, पण पहिल्या खेपेला त्यांचा कित्ता गिरवू नये.

३. घाटासाठी गीअर नेमके कोणते असावेत? दुकानदार म्हणतो की आहेत तेच पुरेसे आहेत.

दुकानदाराला तुम्ही कुठे जाणार आहात हे सांगितले आहे का, हे आधी पाहावे. साहित्याविषयीच्या सगळ्या प्रश्नांत या एका प्रश्नाला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो.

पाच टक्क्यांच्या चढणीवर सामान्य माणूस ताशी ९ ते ११ किलोमीटर वेगाने जातो. त्या वेगाला पॅडलच्या मिनिटाला किमान ७० फेऱ्या होतील असा गीअर हाताशी असला पाहिजे. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) आणि मागे २८ दात्यांची सर्वांत मोठी चकती असेल, तर ७० फेऱ्यांना वेग पावणेअकराच्या आसपास येतो. मागे ३४ दात्यांची चकती असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांना तो पावणेनऊच्या आसपास राहतो. याउलट जुन्या धर्तीच्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असते. तिच्यावर ताशी १० किलोमीटरने चढताना फेऱ्या पन्नासवर येतात. असे सव्वा तास चालले की प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर पडतो आणि पाचगणी येण्याआधीच पाय संपतात.

म्हणून पुढे ५०/३४ (मोठ्या आणि लहान चेनरिंगचे दाते) आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीचे दाते) ही जोडी सुचवतो. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागच्या डिरेल्युअरची (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) क्षमता तपासावी. आखूड पिंजऱ्याचे (साखळी ताणून धरणारी खालची चौकट) बरेच डिरेल्युअर २८ किंवा ३० दात्यांच्या पुढे जात नाहीत आणि अशा वेळी लांब पिंजऱ्याचा डिरेल्युअर घ्यावा लागतो. मोठ्या कॅसेटबरोबर साखळीही लांब लागते, हे अनेकदा विसरले जाते.

आणखी एक तपासणी घरीच करावी. सायकल मोटारीतून आणताना किंवा उजव्या बाजूला पडल्यावर डिरेल्युअरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारी धातूची पट्टी) किंचित वाकतो. सपाटीवर हे लक्षात येत नाही, कारण सर्वांत हलका गीअर तिथे कुणी वापरतच नाही. घाटाच्या पहिल्या वळणावर तो गीअर टाकला की डिरेल्युअर चाकाच्या तारांमध्ये अडकतो आणि प्रवास तिथेच संपतो. मागचे चाक उचलून, सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी नेऊन हाताने पॅडल फिरवावे आणि मागून पाहावे. पिंजरा आणि तारा यांच्यात स्पष्ट फट दिसली पाहिजे.

४. कार्बनची हलकी सायकल घेतली तर घाटात किती फरक पडेल?

माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर एक किलो कमी केल्याने चढणीचा वेळ सुमारे सव्वा टक्क्याने घटतो. पसरणी चढायला ७२ मिनिटे लागत असतील, तर ही बचत एका मिनिटाहूनही कमी आहे. त्यासाठी पन्नास हजार मोजायचे की कॅसेट, टायर आणि ब्रेकचे पॅड यांवर त्यातला थोडा भाग खर्च करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत सांगण्याची गरज नसावी.

५. टायर किती रुंद असावेत आणि हवा किती भरावी?

फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटर, आणि ३२ बसत असतील तर तेही चांगले. २३ मिलिमीटरचे टायर टणक फुगवून चालवण्याची जुनी पद्धत आपल्या रस्त्यांवर वेगही देत नाही आणि सुखही देत नाही. ७० किलो वजनाच्या माणसाने ट्यूब असलेल्या २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबापासून सुरुवात करावी, पुढच्या चाकात थोडी कमी हवा ठेवावी आणि आपल्या अनुभवानुसार बदल करावा. टायरच्या बाजूवर लिहिलेला सर्वाधिक दाब ही मर्यादा असते. तेवढी हवा भरावीच असा त्याचा अर्थ नाही.

याला एक अपवाद आहे. काही नव्या चाकांच्या रिमला आतून हूक (टायरची कड धरून ठेवणारा ओठ) नसतो. अशा रिमवर दाब ७२.५ पीएसआयच्या वर कधीही नेऊ नये आणि त्या रिमसाठी मान्य केलेलेच टायर वापरावेत. आपली रिम कोणती आहे हे माहीत नसेल, तर आधी ते विचारून घ्यावे.

६. पंक्चरसाठी काय काय जवळ ठेवावे? रस्त्यात पंक्चरवाले असतातच ना?

असतात, पण तुमच्या उपयोगाला येतीलच असे नाही. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो आणि पंक्चरवाल्याच्या नळीचे तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्वचे असते. दोहोंना जोडणारा पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो. तो व्हॉल्ववरच फिरवून ठेवावा, म्हणजे हरवत नाही. याशिवाय दोन ट्यूब, ठिगळांचे पाकीट, टायर लिव्हर, हातपंप, एलन की आणि साखळीची जोडकडी एवढे सामान सीटखालच्या पिशवीत मावते.

महामार्गाच्या कडेने जाताना बहुतेक पंक्चर खिळ्याने किंवा काचेने होत नाहीत. ट्रकचे टायर फुटल्यावर त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात आणि तेच टायरमध्ये शिरतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूहळू पूर्ण फिरवावे. तार बाहेरून दिसत नाही, पण बोटाला टोचते. नखाने ती निघत नाही, म्हणून छोटा चिमटा ठेवावा. तार न काढता ट्यूब बदलली, तर दोन किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते.

७. रिम ब्रेक पुरतील का, की डिस्कच हवेत? आणि घाट उतरताना ब्रेक कसे लावावेत?

कोरड्या हवेत चांगल्या पॅडचे रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) पुरतात. ओल्या रिमवर मात्र पहिला क्षण ब्रेक लागतच नाही. आधी पाणी पुसले जाते, मग पकड येते. कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक असतील, तर लांब उतारावर सतत दाबून धरल्याने रिम धोकादायक तापू शकते. अशी चाके या प्रवासाला न नेलेली बरी.

डिस्क ब्रेकही (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला दाबणारे) आपोआप सुरक्षित नसतात. पॅडवरचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर राहिला की पॅड बदलावेत. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर दहा-पंधरा वेळा वेग घेऊन हळूहळू थांबावे, म्हणजे ते बसतात. साखळीला फवाऱ्याने तेल मारताना त्याचा शिंतोडा डिस्कवर गेला, तर ब्रेक किंचाळतो आणि पकड जाते.

उतरताना हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवावेत. तिथून ब्रेकवर पूर्ण जोर देता येतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक निश्चयाने लावून वेग कमी करावा आणि वळणात शक्यतो सोडून द्यावेत. सतत हलका ब्रेक धरून ठेवला, तर ब्रेकला निवायला वेळ मिळत नाही. नजर पुढच्या चाकासमोर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. पसरणीत समोरून येणारी मोटार ओव्हरटेक करताना तुमच्या बाजूला येणारच, असे गृहीत धरूनच वेग ठरवावा.

८. कपडे आणि बूट यांत अत्यावश्यक काय आहे?

हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा यांविना निघूच नये. त्यानंतर क्रम लागतो तो गादी असलेल्या शॉर्ट्सचा. ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, हे बरेच जण विचारायला संकोचतात, म्हणून स्पष्ट लिहितो. आतल्या कपड्याची शिवणच त्वचा सोलते. हातमोजे, धूळ अडवणारा चष्मा आणि मागे तीन खिसे असलेली जर्सी एवढे बाकी पुरे. हिवाळ्यात पहाटेसाठी काढता येतील अशा बाह्या आणि उतारासाठी घडी होऊन खिशात बसणारा पातळ विंडचीटर ठेवावा.

क्लिटचे बूट (तळाशी पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) उपयोगी आहेत, पण सक्तीचे नाहीत. ते या प्रवासासाठी नवे घेऊ नयेत. थकल्यावर, चढावर, वेग पाचवर आलेला असताना पाय सोडवायचे विसरणे आणि जागच्या जागी आडवे होणे हा अनुभव सरावाच्या दिवसांतच घेतलेला चांगला.

९. दोन तासांनंतर बसवत नाही. जाड गादीचे सीटकव्हर घ्यावे का?

घेऊ नये. मऊ कव्हरात हाडे रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. सीटची रुंदी बसण्याच्या हाडांमधल्या अंतराशी जुळली पाहिजे. स्त्रियांना बहुधा थोडे रुंद आणि मध्ये खाच असलेले सीट लागते, आणि पुरुषांसाठी बनवलेल्या सायकलीसोबत आलेले सीट तसेच वापरत राहणे हेच अनेकींच्या त्रासाचे मूळ असते. सीटचे टोक वर किंवा खाली झुकलेले नसावे.

गुडघ्याचे दुखणे याच मापाशी जोडलेले आहे. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते किंवा गीअर जड असतो (प्रश्न ३). मागून दुखत असेल तर सीट बहुधा वर असते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नये.

१०. तयारीला किती आठवडे लागतील?

आज ४०-५० किलोमीटर सहज होत असतील, तर आठ ते दहा आठवडे पुरेत. आठवड्यातून तीन ते चार दिवस सायकल चालवावी. त्यांतला एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवावा आणि तो पल्ला दर आठवड्याला थोडाथोडा वाढवत १०० किलोमीटरपर्यंत न्यावा. दर चौथ्या आठवड्यात जाणीवपूर्वक कमी करावे. शरीर व्यायामाच्या वेळी नव्हे, विश्रांतीच्या वेळी घडते, आणि उत्साही माणसांना नेमके हेच पटत नाही.

दुसरा दिवस चढणीचा. पुणेकरांना कात्रज, बोपदेव आणि दिवे घाट जवळ आहेत. कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा. सिंहगडाची चढण पसरणीपेक्षा कडक आहे, म्हणून ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठेवावी. घाट फक्त ताज्या पायांनी चढू नये. ६० किलोमीटर करून मग घाट, असा सराव निदान दोनदा व्हावा, कारण प्रत्यक्षात घडणार आहे ते हेच.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही करू नये. सीट हलवू नये, नवे बूट काढू नयेत आणि राहिलेला सराव भरून काढायला जाऊ नये.

११. किती वाजता निघावे आणि वेग किती ठेवावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पहाटे पाचला निघाल्यास थांबे धरून दहाच्या सुमारास वाईला पोहोचता येते. वाईपर्यंत बोलता येईल एवढ्याच जोराने चालवावे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. कात्रज ओलांडल्यावर शिरवळपर्यंतचा रस्ता उतरता असल्याने आणि गार हवेने पाय हलके वाटत असल्याने तिथेच बहुतेक जण शक्ती उधळतात. कुणी पुढे गेले तर जाऊ द्यावे. ते पसरणीत भेटतात.

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली असेल किंवा नाताळचा आठवडा असेल, तर पसरणी घाटात मोटारींची रांग लागते आणि धूर खात चढावे लागते. शक्य असल्यास मधला वार निवडावा.

१२. वाटेत काय खावे, किती प्यावे?

पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि गुळाच्या पोळीचे तुकडे हे उत्तम चालतात आणि परदेशी जेलच्या पाकिटांपेक्षा स्वस्त पडतात. भूक लागल्यावर खाऊ म्हटले तर उशीर झालेला असतो, म्हणून घड्याळ पाहून दर अर्ध्या तासाला थोडे खावे. पोहे, उपमा, इडली यांना हरकत नाही. मिसळ आणि वडापाव महाबळेश्वरला पोहोचल्यावर खावेत. तेल पचायला वेळ लागतो आणि घाटात रक्त पायांकडे हवे असते.

पाणी हवेनुसार तासाला अर्धा ते पाऊण लिटर. सायकलवर दोन बाटल्या असाव्यात : एकीत साधे पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरमध्ये ओतल्यास द्रावण खारट आणि दाट होऊन मळमळते. बाटली लहान असेल तर पाकीटही त्याच प्रमाणात वापरावे. नुसते पाणीच भरमसाट पिणेही धोक्याचे आहे, कारण रक्तातले सोडियम कमी होते. वाईत दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात. घाटात माकडे असतात, तेव्हा केळी उघड्यावर काढून बसू नये.

१३. घाटात पायात गोळे आले तर?

उतरावे, स्नायू हळूहळू ताणावा, ओआरएस प्यावे, आणि पुन्हा निघताना एक गीअर हलका ठेवावा. गोळे येण्याचे कारण केवळ मीठ कमी होणे हे नसते. सरावापेक्षा जास्त जोर लावणे हेही तितकेच मोठे कारण आहे, त्यामुळे उपाय बहुधा प्रश्न ३ आणि ११ मध्ये सापडतो. चक्कर येत असेल, घाम थांबला असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर ते गोळ्यांचे प्रकरण नाही. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

१४. कात्रजचा जुना घाट घ्यावा का? महामार्ग टाळता येतो का?

जुना घाट घ्यावा. जड वाहने कमी असतात. माथ्यावरच्या जुन्या बोगद्यात उजेड कमी असल्याने दिवे लावूनच शिरावे. पुढे खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटाने चढते आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून येते. जाताना चढ वाचावा म्हणून उलट दिशेने बोगद्यात शिरण्याचा विचारही करू नये.

महामार्ग टाळायचा असेल तर कापूरहोळहून भोरकडे वळून, मांढरदेवीचा डोंगर ओलांडून वाईत उतरता येते. रस्ता शांत आणि देखणा आहे, पण पसरणीच्या आधी आणखी एक मोठी चढण वाढते. पौष पौर्णिमेच्या सुमारास काळूबाईच्या यात्रेची गर्दी असते. त्या दिवसांत हा रस्ता सायकलसाठी नाही.

१५. पावसाळ्यात गेले तर चालेल का?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दाट धुक्यात मोटारवाल्याला सायकल दिसत नाही आणि दरडीही पडतात. नाही, हेच उत्तर. सप्टेंबरच्या अखेरीस उघडीप असेल, तर मडगार्ड, तेज दिवे आणि प्रश्न ७ मधली ब्रेकची काळजी घेऊन विचार करता येईल.

१६. पोलादपूरहून चढायचे असल्यास तयारी बदलते का?

होय. कोकणातून आंबेनळी घाटाने येताना पोलादपूर ते महाबळेश्वर हे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर जवळजवळ समुद्रसपाटीपासून वर येते. वाडा कुंभरोशीपर्यंत एक चढाई, आणि तिथून पुढे दुसरी. एकूण उंची पसरणीच्या दुपटीहून अधिक आहे आणि खालच्या भागात हवा दमट असते. येथे मागे ३४ दात्यांची चकती ही चैन नसून गरज आहे, आणि पाण्याचा हिशेब वरच्या टोकाने धरावा.

१७. मला मधुमेह आहे. मी जाऊ शकतो का?

अनेक जण जातात, पण डॉक्टरांशी बोलून. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर लांब व्यायामात साखर फार खाली येऊ शकते आणि ती रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज खिशात असावे, पिशवीत तळाशी नव्हे. सोबत्याला आजार माहीत असलाच पाहिजे. एकट्याने जाऊ नये.

१८. हे जमले तर बीआरएम किंवा मनाली-लेह जमेल का?

२०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. महाबळेश्वर करून दुसऱ्या दिवशी नीट चालता आले, तर दोन-तीन महिन्यांत ते आवाक्यात येते. तिथे हेल्मेट आणि दिव्यांबरोबर परावर्तक जाकीटही लागते.

मनाली-लेह ही वेगळी गोष्ट आहे. वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे आणि त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पायांची तयारी तीच राहते, पण विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही. त्यासाठी वर जाऊन दिवसच काढावे लागतात, आणि डोकेदुखी, उलटी किंवा तोल जाणे सुरू झाल्यास खाली उतरावे लागते.